इशारेवाल्याची जागा

क्रेनवाल्यानं उचललेला गर्डर मध्येच जमिनीला टेकवला आणि तो शिडीनं खाली उतरला. त्याला जायचं होतं त्या, कारखान्याच्या समुपदेशकाची खोली कँटीनच्या पलीकडं, म्हणजे अख्ख्या कारखान्यासमोरून जाणं आलं. तिथं पाऊल टाकणाऱ्याचा स्क्रू ढिला, ही थट्टा त्यानंच पेरलेली. आता पीक त्याच्याच पदरात पडणार होतं. शिवाय हातातली क्रेनही काढून घेतली तर? “कुठं निघालात, वस्ताद?” फोरमननं विचारलं. “समुपदेशकाकडं, साहेब. झोप लागत नाही, हात ऐकत नाहीत.” कोणीतरी फिसकन हसलं. खालून हातानं इशारे देणारा त्याचा जुना जोडीदार पुढं आला. आता हा तोंडसुख घेणार, म्हणून क्रेनवाल्यानं मान खाली घातली. “ठाऊक आहे,” जोडीदार म्हणाला. “ओझं डुलायला लागल्यापासून मी लांब सरकून उभा राहतोय. तुला वेडा म्हणतील म्हणून गप्प बसलो. जा बाबा. मला परत माझ्या जागेवर उभं राहायचंय.”