आईचे मोजे

नेदरलँड्समधल्या टिलबर्गच्या तरणतलावात परीक्षेतली कपड्यांनिशी पोहायची फेरी शलोमीनं दिमाखात पार केली. आता स्विमसूटवरची फेरी झाली की डिप्लोमा हातात! पण पँट काढायची म्हटल्यावर पोरगी काठावरच फतकल मारून बसली. गुडघ्यावर नुकताच कोडाचा डाग उमटला होता. आई धावत आली. “संडे स्कूलमध्ये काय शिकवते मी? देवानं आपल्याला स्वतःच्या हातांनी घडवलंय. लपवायचं कशाला?” “मग तू घराबाहेर मोजे का नाही काढत?” आईनं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. काठावरचे सगळे पालक अनवाणी होते; मोजे फक्त तिच्या पायांत, तसेच डाग झाकणारे. तिनं ते ओढून काढले. सगळ्यांदेखत ओल्या फरशीवर उभी राहिली. शलोमीनं पँट भिरकावली अन् सूर मारला! डिप्लोमा मायलेकींनी मिळून उंचावला. रविवारी संडे स्कूलमध्ये धडा जुनाच होता. बाईंच्या पायांत मात्र उघड्या चपला होत्या.