बारीक आवाज

बाबांच्या श्रवणयंत्राचा आवाज लॅपटॉपवरून वाढवता येतो, पण त्याची यूएसबी केबल माझ्या लॅपटॉपमधली लिनक्स सिस्टीम ओळखेना. यंत्राची कंपनी तर केव्हाच बंद पडलेली.

"राहू दे गं, ओवी. ते माझे ओठ वाचतात," आईने पुन्हा टोकलं.

"वाचू देत," म्हणत मी त्या केबलचा नंबर दुसऱ्याच केबलच्या ड्रायव्हर प्रोग्रॅमच्या गळ्यात मारला. यंत्र लॅपटॉपला जोडलं गेलं. बारीक आवाज वाढवत नेले, तसे बाबा दचकले. टिळक रस्त्यावरचे हॉर्न, डोक्यावरचा पंखा, सगळं सोडून ते आईकडेच बघत राहिले.

"पद्मजा, श्वास घेताना तुझी छाती शिट्टीसारखी का वाजतेय?"

आई गर्रकन माझ्याकडे वळली. "शपथ घातली होती ना तुला?"

"न सांगायची घातली होतीस. मी कुठे काय सांगितलं?"