बीअरवाल्याची मुलगी

खासदार लायोनेल फेअरब्रेसने ड्रुसिलाला पूर्वी एकदा नाकारलं होतं. बीअर गाळणाऱ्याची मुलगी बायको म्हणून आणली, तर लंडनची बडी घरं आपल्याला दारातही उभं करणार नाहीत, असं त्याने तिला तोंडावर सांगितलं होतं. आज तोच तिच्या दिवाणखान्यात गुडघा टेकून बसला होता.

"तेव्हा मी भित्रा होतो, ड्रुसिला. आता लोक काय म्हणायचं ते म्हणोत. मला तू हवीस, फक्त तू."

इतकी वर्षं तिने दुसऱ्या कुणाकडे पाहिलंही नव्हतं. रडत रडतच ती हो म्हणाली.

तेवढ्यात तिचे वडील धापा टाकत आत आले. "पोरी, ऐकलंस का! महाराणीसाहेब मला लॉर्ड करतायत! आत्ताच निरोप आला, अजून कुणाला ठाऊक नाही."

लायोनेल लगबगीने उठला आणि कमरेत वाकला. "अभिनंदन, लॉर्डसाहेब! मला तर सकाळीच कळलं, पंतप्रधानांच्या बंगल्यावर."

ड्रुसिलाने डोळे पुसले. त्याच्या घामट मुठीतून तिने आपला हात ओढून घेतला.

"बाबा," ती म्हणाली, "ही मागणी तुम्हाला आलीय. उत्तर तुम्हीच द्या."