दोस्तीचा सत्कार

पासष्टच्या लढाईत पाय गमावून आलेल्या हवालदार इंद्रभानचा साखरखेर्ड्यात सत्कार होता. लढाईआधी दोस्त देशाच्या गोऱ्या फौजेबरोबर त्याचा सराव झाला होता, तेवढंच धरून पुढारी बोलत सुटले.

"गोऱ्या साहेबानं तोफ शिकवली, म्हणून आपला वाघ जिंकला! म्हणा, दोस्तीचा विजय असो!"

टाळ्या कडाडल्या. इंद्रभानला शिसारी आली. गळ्यातला हार काढून त्यानं पुढाऱ्यासमोर टाकला आणि कुबडी टेकत तो उठला.

"आता माह्यं आयका. माह्यावर गोळा टाकणारा पाकिस्तानीबी त्याच साहेबाचा चेला होता. जखमी होऊन पकडला गेला, तं दवाखान्यात माह्या बाजूच्याच खाटेवर. हासून मले विचारे, 'अपने उस्ताद मजे में हैं ना?'"