जशी आहे तशी

"तुम्ही तोंड उघडायचं नाही," वकील पुन्हा म्हणाला. "गाडी जशी आहे तशी विकली, त्यांनी पसंत करून घेतली. जुन्या गाडीची झीज ही डीलरची जबाबदारी नाही. विषय संपला."

हितेंद्रने मान डोलावली. परळच्या त्याच्या गाळ्यासमोर पुसून चकचकीत केलेल्या जुन्या गाड्या उभ्या होत्या. त्यांतलीच एक पांढरी गाडी शामरावांनी नेली आणि कोकणात जाताना ती घाटात दरीत कोसळली. शामराव गेले. गाडी चालवणारा त्यांचा मुलगा राकेश वाचला, पण तो आता कोठडीत होता.

विषय संपला म्हणणं वकिलाला सोपं होतं. हितेंद्रला त्या गाडीचं पोट माहीत होतं.

आधीच्या मालकाकडे ती कफ परेडच्या समुद्रासमोर उभी राहायची. खाऱ्या वाऱ्याने खालून गंजलेली. त्याच्या मेकॅनिकने, दौलतने ती वर चढवून दाखवलं होतं. "शेठ, ही ब्रेकची नळी बघा. आज ना उद्या दगा देणार." हितेंद्रने मग या धंद्यात बरेच जण करतात तेच केलं. खालून काळ्या रंगाचा जाड हात मारून घेतला. गिऱ्हाईक बॉनेट उघडून बघतं, आरशात भांगही पाडतं, पण गाडीखाली वाकत नाही.

शामरावांनी तर बॉनेटही उघडलं नाही. दौलत चाचरत म्हणाला होता, "काका, एखादा मेकॅनिक आणा ना दाखवायला." म्हातारा हसला. "कुशाबाच्या पोराकडून घेतोय. त्यात तपासायचं काय?"

कुशाबा म्हणजे हितेंद्रचे वडील. दोघांनी एकाच गिरणीत, एकाच खात्यात हयात घालवली होती. गिरणगावातल्या माणसांची ही जुनी खोड. ओळख निघाली की डोळे मिटायचे.

वकिलाला हो म्हणून हितेंद्र संध्याकाळी लालबागला शामरावांच्या चाळीत गेला. का गेला, हे त्याला धड सांगता आलं नसतं. घरी बसवत नव्हतं, एवढं खरं.

शामरावांच्या बायकोने, राधाबाईने, चटई टाकली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिने चहा टाकला.

"ह्यांना अग्नी पुतण्याने दिला," ती म्हणाली. "पोटचा पोर आत."

"काकी, झालं कसं?"

"मला गाडी लागते. घाटात मळमळायला लागलं." तिने चहा गाळला. "राकेश बाहेर पडला, मी बाहेर पडले. हे आतच राहिले. गाडी गेली."

तिच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. नशीबच म्हणायचं, हितेंद्रला वाटलं.

"पोलीस काय म्हणतात?"

"म्हणतात, मोबाईल बघत होता. ब्रेक दाबल्याची खूणच नाही रस्त्यावर. नळी तुटलेली सापडली, पण आधी तुटली की खाली आपटून, ते त्यांच्या साहेबाला सांगता येत नाही. सदोष मनुष्यवध लावलाय." तो शब्द तिने नीट पाठ केलेला होता.

हितेंद्रला ती नळी आठवली. ब्रेक लागलाच नाही तर खूण उमटणार कुठून?

"तुम्ही दोघं गावीच राहायला चालला होतात ना?" त्याने काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"हो. ही खोली ह्यांच्या थोरल्या भावाची. त्यानेच ह्यांना गिरणीत चिकटवलं, इथे ठेवून घेतलं. आता ती पुतण्याला परत करायची म्हणत होते. राकेशने काय ते आपलं बघावं. माणूसच तसा. दुसऱ्याचं ठेवून घेणार नाही."

आणि अशा माणसाला आपण रंग फासून गाडी दिली. हितेंद्रला स्वतःची किळस आली.

राधाबाई त्याच्याकडे एकटक बघत होती. "तू कुशाबाभावजींचा मुलगा. जबरदस्ती नाही रे बाबा. पण त्या गाडीचं तुला काही ठाऊक असलं, तर तेवढं सांग. माझा आता एकच राहिलाय."

वकिलाने शिकवलेलं वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं.

"नळी गंजलेली होती, काकी," तो म्हणाला. "मला माहीत होतं. मी वरून रंग मारला." आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला.

राधाबाईने डोळे मिटले. मग तिने विचारलं, "पोलिसांना सांगशील?"

"सांगतो."

तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

घरी दर्शनाने, त्याच्या बायकोने, आकाशपाताळ एक केलं. "तू आत गेलास तर पोरांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" वकिलाने हात टेकले. हितेंद्र दौलतला घेऊन घाटाखालच्या पोलीस ठाण्यात गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. कित्येक दिवसांनी त्याला हलकं वाटत होतं. त्याला तिथेच अटक झाली.

त्याच्या गाळ्याला टाळं लागलं. चाळीत जो तो त्याच्या नावाने बोटं मोडत होता. गाडीवाल्याने देवमाणूस खाल्ला म्हणत होता.

राकेश सुटून घरी आला तेव्हा दुपार झाली होती. शेजारणी भेटून गेल्या. राधाबाईने दार लोटलं आणि त्याला वरणभात वाढला. तो भुकेला होता, भराभर जेवला.

"ऐकलंस ना आई?" तो म्हणाला. "गाडीतच खोट होती. त्याने स्वतः कबूल केलंय."

राधाबाईने त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

"गाडी बरी होती, झिला," ती म्हणाली. "तू खाली उतरून हँडब्रेक सोडलास, तोपर्यंत जागची हलली नव्हती."