डावा हात खिशात

गुरुप्रसादचा डावा हात या हंगामात खिशातच होता. ऐन एप्रिलात, बागेत आंबा उतरत असताना, मालक एकाच हाताने फोन करतोय, त्याच हाताने चहा पितोय, त्याच हाताने पेट्यांवर खुणा करतोय, हे पाहून पावस गावची अख्खी वाडी हसत होती. "भाऊंच्या डाव्या हाताचा लगीन ठरलाय," आंबे निवडणारी जनीकाकी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "हळद लागलेय, बाहेर काढायचा नाय."

हात जपायला कारण होतं. पन्नाशीकडे झुकलेला गुरुप्रसाद रत्नागिरीत समीक्षाच्या क्लासात, शाळकरी पोरांच्या रांगेत बसून, गिटार शिकत होता. तारा दाबणाऱ्या डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले की निम्मी गिटार आली समजा, असं समीक्षा म्हणायची. घट्टे पडायचेही. दिवाळीत हातात घेतलेली गिटार शिमग्यापर्यंत जरा गाण्यासारखी वाजायला लागायची. मग आंबा सुरू व्हायचा. देठ तुटला की चीक उडतो, आणि चीक लागलेली कातडी आधी काळी पडते, मग सोलून निघते. घट्ट्यांसकट. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. क्लासाचा कार्यक्रम शाळांच्या परीक्षा संपल्यावर, म्हणजे नेमका भर आंब्यात. गेली दोन वर्षं पोरांनी वाजवलं आणि हा इकडे पेट्या भरत बसला. यंदा मात्र त्याने मनाशी पक्कं केलं होतं. एक गाणं, अख्खं, मध्ये न अडखळता, माणसांसमोर. कार्यक्रम उद्या संध्याकाळी होता आणि घट्टे अजून जागच्या जागी होते.

दुपारी आभाळ भरून आलं.

"भाऊ, समुद्राकडना काळा झालाय बघा!" झाडावरून गडी सखाराम ओरडला. "ह्यो येनार!"

अवकाळी पावसाने आंब्यावर डाग पडतात आणि डागी आंब्याला बाजारात कोणी विचारत नाही. वरच्या बागेतला आंबा अजून कोवळा होता, तो देवाच्या भरवशावर सोडण्यावाचून इलाज नव्हता. खालचा मात्र तयार होता आणि तो पावसाच्या आधी छपराखाली यायलाच हवा होता. सखाराम झेल्याने, जाळी लावलेल्या लांब काठीने, भराभर आंबे उतरवू लागला. घाईत देठ तुटायला लागले. तुटक्या देठाचा आंबा तिथल्या तिथे उलटा धरावा लागतो, नाहीतर चीक त्याच्याच अंगावर ओघळून साल जाळतो. गुरुप्रसादची बायको मथुरा आणि जनीकाकी, दोघी दोन्ही हातांनी आंबे उलटे करत होत्या, आणि तरी ढीग वाढतच होता.

गुरुप्रसाद पुढे झाला.

"तुम्ही नको," मथुरा म्हणाली. "उद्या वाजवायचंय ना? आम्ही करतो."

ती मनापासून म्हणाली, आणि तेच त्याला सोसेना. तिचे हात मनगटापर्यंत चिकाने काळे पडले होते. दरवर्षीच पडायचे. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याने आधी रबरी हातमोजा चढवून पाहिला. पहिला आंबा त्यातून निसटला आणि कातळावर आपटला. दुसऱ्याची तीच गत. मथुराने दोन्ही आंबे उचलून बाजूला ठेवले. त्याने हातमोजा काढून टाकला.

चीक आधी गारच लागतो. सुरुवातीला तो तळव्यावर आंबे झेलत बोटांची टोकं वाचवायला बघत होता, पण टोकांशिवाय देठ धरता येत नाही. थोड्या वेळाने त्याने तो नाद सोडला आणि दोन्ही हात ढिगात घातले. वारा उठला होता. झाडं गदागदा हलत होती. कोणी पाणी प्यायलाही थांबलं नाही.

दिवस कलला तेव्हा खालच्या बागेतला शेवटचा आंबा छपराखाली आला. मथुराने वाटीत खोबरेल ओतून त्याच्यापुढे धरलं. डाव्या हाताची चारही बोटं पेटली होती. त्याने अंगठ्याने तर्जनीचं टोक दाबून पाहिलं, तर वरची कातडी हुळहुळी होऊन सरकली. फोनवर समीक्षाचा मेसेज येऊन पडला होता. 'काका, उद्या पाचला नक्की या. तुमचं गाणं पहिलं ठेवलंय.' त्याने तो वाचला आणि फोन पालथा ठेवला.

"बोलावलंय सगळ्यांना मी," मथुरा हळूच म्हणाली. "ताईला, भावोजींना. आता काय सांगू?"

त्याने बोटं पुन्हा खोबरेलात बुडवली.

बाहेर वारा पडला. ढग न बरसताच रत्नागिरीच्या बाजूला सरकत गेले आणि त्यांच्या खालून पिवळं ऊन बागेत शिरलं. पानांवर एक थेंब नव्हता. खालचा आंबा आज झाडावरच राहिला असता तरी चाललं असतं.

"गेला गो बाय, गेला!" जनीकाकीने वरच्या बागेकडे बघून हात जोडले. "देव पावला. वरचा आंबा वाचला."

गुरुप्रसाद तेलकट हात अंगापासून दूर धरून अंगणात आला. त्याने वर पाहिलं.

"पड रे बाबा," तो आभाळाला म्हणाला. "थोडा तरी पड."

मागोमाग आलेल्या मथुराने चटकन वळून पाहिलं, जनीकाकीने ऐकलं तर नाही ना.