एकही पार्ट खराब नव्हता

"गाडयेचा पाणी बघलंस रे?"

बाबांचा हा आवाज रोज सकाळी खिडकीतून खाली यायचा. गिरणीत साच्यांच्या खडखडाटात तीस वर्षं काढलेला माणूस. त्याला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं, अख्खी चाळ जागी व्हायची. श्यामकांत पिकअपचं बोनेट उघडायचा, रेडिएटरचं झाकण फिरवायचा, पाणी बघायचा आणि वर हात करायचा. मग कुठे खिडकी लागायची.

तो आवाज थांबून दोन वर्षं झाली. आज श्यामकांत मुलुंडला भीमराजच्या गॅरेजात उभा होता. गाडीचं बोनेट उघडं होतं आणि भीमराज कंबरेपर्यंत आत वाकून जुना वॉटर पंप सोडवत होता.

"शामभाऊ, रेडिएटर मोठा बसवला, फॅन बदलला, सगळे होस पाइप नवे. कूलंट भारीतलं. आता पंप. या इंजिनाला आता हुडहुडी भरेल. एक स्वेटर विणून घे वहिनींकडून."

श्यामकांत हसला नाही. त्याचा धाकटा भाऊ नंदू उलट्या क्रेटवर बसला होता, तोही हसला नाही. गाडी गॅरेजला आणायची म्हटलं की नंदू कामावर खाडा करून सोबत यायचा. पाने द्यायचा, रेडिएटर धरायचा. बोलायचा मात्र काहीच नाही.

गाडी त्या एका दिवसानंतर कधीच तापली नव्हती. आरे कॉलनीतून दुधाचे क्रेट भरून ती रोज निघायची, भर मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये उभी राहायची, पण तापमानाचा काटा मधल्या रेघेच्या वर सरकायचा नाही. तरी श्यामकांतचे डोळे रस्त्यावर कमी आणि त्या काट्यावर जास्त असत. आणि बाजूच्या सीटवर तो कुणाला बसवत नसे. बायकोलाही नाही.

तो दिवस त्याने स्वतः पाहिला नव्हता. तो बोरिवलीला साडूकडे गेला होता. दुपारी बाबांच्या छातीत कळ आली, अँब्युलन्स येईना, म्हणून नंदूने त्यांना पिकअपमध्ये बसवलं आणि घाटकोपरच्या हॉस्पिटलकडे निघाला. वाटेत कांजूरमार्गला इंजिन उकळलं. नंदूने घाईघाईत झाकण उघडलं तशी वाफ छपराएवढी उसळली. मग कुठून तरी पाणी आणलं, इंजिन निवेपर्यंत थांबला. तेवढ्यात बाबा गेले. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासापूर्वी आणायला हवं होतं.

हे सगळं नंदूने सांगितलेलं. एकदाच, आणि खाली मान घालून. श्यामकांतने त्याला पुन्हा कधी विचारलं नाही. पोराने जे भोगलं ते पुन्हा कशाला उकरायचं.

त्याने गाडीला विचारायला घेतलं. एकेक पार्ट काढायचा, नवा घालायचा आणि जुना भीमराजसमोर धरायचा. यानेच केलं का, बघ. भीमराजने जुना रेडिएटर पाण्यात बुडवून हवा मारली, एक बुडबुडा आला नाही. थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून चहाच्या पातेल्यात सोडला. पाणी तापलं तसा तो शहाण्यासारखा उघडला. पाइपांना एक चीर नव्हती. सगळं सामान एका गोणीत जमा होत गेलं.

भीमराजने पंप बाहेर काढला. बाही वर सरकली तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंतचा भाजल्याचा जुना व्रण चमकला. उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडायची घाई केली की हा दागिना मिळतो, असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचा. नंदूने पाना पुढे केला आणि हात लगेच खिशात घातले.

भीमराजने पंपाचा पंखा बोटाने फिरवला. कानाशी नेला, पुन्हा फिरवला.

"हा पण चांगलाच आहे, भाऊ."

"नीट बघ."

"नीटच बघितलं. मी सोळा वर्षं गाड्या खोलतोय. हे बघ, आता मी हिला हात लावणार नाही. आधीही हिच्यात काही नव्हतं. नुसतं पाणी असतं ना, तरी तापली नसती."

श्यामकांत त्याच्या हातातला पंप घेऊन गोणीशेजारी बसला. पंप या अंगावरून त्या अंगावर करत राहिला.

"पाणी नव्हतं," तो म्हणाला.

भीमराज हात पुसायचा थांबला.

"त्या सकाळी बाबांनी वरून विचारलं. मला बोरिवलीला जायची घाई होती. मी बोनेट उघडलंच नाही. तिथूनच हात केला, बघितलं म्हणून." त्याने पंप घट्ट धरला. "आयुष्यात एकदाच खोटा हात केला. दोन वर्षं मी एक तरी पार्ट सडका निघायची वाट बघतोय, भीमराज. एक पाइप फाटका निघाला असता तरी चाललं असतं. आता दोष द्यायला कुणीच उरलं नाही रे. माझ्या हातानं गेला माझा बाप."

भीमराजने ग्लासभर पाणी आणून ठेवलं. श्यामकांतने त्याला हात लावला नाही. रस्त्यावर एक रिक्षा नुसती फुरफुरत उभी होती, ती निघून गेली.

नंदू क्रेटवरून उठला. भावासमोर येऊन खाली बसला, त्याच्या हातातला पंप काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

"दादा, पाणी होतं. गाडी तापलीच नव्हती."

श्यामकांतने मान वर केली.

"कांजूरच्या सिग्नलला थांबलो होतो. मिठागरांवरून खाडीचा वारा आत आला, गावच्यासारखा. बाबांनी हात लांब करून चावी फिरवली, काढली आणि मुठीत धरली. मी पाया पडलो रे त्यांच्या. मूठ उघडेचनात. म्हणाले, माका खंय नेव नको, हयच बसांदे. आणि तुका बोल लागूक नको, श्यामाक सांग, गाडी तापली."